फ्रेंच क्लासिकल, ९व्या चालीला चूक आणि एच७ वर उंटाचा बळी. हे ओपनिंग सोडू का?

कोथरूड_काळीबाजू :

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण ज्यांना फ्रेंच डिफेन्समधलं (पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याचं ई६) कळतं त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा. मी कोथरूडला राहतो, वय ४३. शाळा-कॉलेजात बऱ्यापैकी खेळायचो, मग नोकरी, लग्न, मुलं यात वीसेक वर्षं पटाला हातच लागला नाही, दोन वर्षांपूर्वी परत सुरू केलं आणि आता फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १५६२ आहे. मागच्या शनिवार-रविवारी इथेच एक रेटिंग टूर्नामेंट सुरू झाली, उरलेले राउंड येत्या शनिवार-रविवारी आहेत, ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद. तिसऱ्या राउंडला मला काळे मिळाले आणि समोर ११ वर्षांचा मुलगा, रेटिंग १४८०.

डाव असा झाला (घो घोडा, उं उंट, व वजीर, रा राजा, ह हत्ती, नुसतं घर म्हणजे प्यादं; × म्हणजे खाल्लं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग):

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. उं-जी५ उं-ई७ ५. ई५ घो(एफ)-डी७ ६. उं×ई७ व×ई७ ७. एफ४ ०-० ८. घो-एफ३ सी५ ९. उं-डी३ घो-सी६ १०. उं×एच७+ रा×एच७ ११. घो-जी५+ रा-जी८ १२. व-एच५ व×जी५ १३. व×जी५

पुढे ३८व्या चालीपर्यंत ओढलं पण ते नुसतं ओढणंच होतं, दोन मोहऱ्यांसाठी वजीर गेलेला.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, कारण मला वाटतं खरी चूक तिथे आहे. मला फ्रेंच शाळेतल्या सरांनी शिकवलं. त्यांनी आम्हाला एच७ वरचा बळी नीट समजावला होता, की उंट एच७ वर पडतो, राजा खातो, घोडा जी५ ला शह देतो आणि वजीर एच५ वर येतो, पण हे जमायला जी५ च्या घोड्याला मागून कोणीतरी आधार द्यावा लागतो आणि तो आधार बहुतेक वेळा सी१ च्या उंटाचा असतो. म्हणून सर म्हणायचे, क्लासिकलमध्ये (वरच्या डावातली उं-जी५ उं-ई७ ची लाईन) काळ्या घरांचे उंट बदलले गेले आणि आपला वजीर ई७ वर बसला की एच७ ची काळजी मिटली, घोडा आला जी५ ला की वजिराने खा. हे वाक्य मी जवळपास तीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. ९व्या चालीला त्याने उंट डी३ वर आणला तेव्हा मी एच७ कडे बघितलं सुद्धा, तेच वाक्य आठवलं, आणि निवांत घो-सी६ खेळलो. साधारण मिनिटभरात.

त्याने १०वी चाल केली, घड्याळ दाबलं, स्कोअरशीटवर लिहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. माझ्याकडे बघत पण नव्हता, फक्त पटाकडे. मी २४ मिनिटं घेतली. वजिराने घोडा खाल्ला की एफ४ चं प्यादं वजीर खातं हे मला तेव्हा दिसलं. ते प्यादं तीन चाली तिथेच उभं होतं! ते ई५ ला टेकू द्यायला आहे एवढंच मी धरून चाललो होतो.

डाव संपल्यावर बाहेर पॅसेजमध्ये त्याच्या आईने त्याला डबा उघडून दिला, एका हातात पोळीचा रोल आणि दुसऱ्या हाताने तो माझ्या घडीच्या पटावर मला दाखवत होता, "काका, मी एफ४ खेळलो तेव्हाच बघून ठेवलं होतं, तुम्ही एफ६ कराल असं वाटलेलं." अतिशय गोड मुलगा, काहीही गर्व नाही.

तर प्रश्न असे. एक, ९व्या चालीला एफ६ च बरोबर का, आणि का? दोन, १०. उं×एच७ नंतर काही वाचवण्यासारखं होतं का? तीन, आमच्या ग्रुपमधले दोघंजण म्हणतात की फ्रेंच सोड, १५०० च्या लेव्हलला राजा असा कोंडलेला ठेवून खेळणं परवडत नाही. मला मनापासून आवडतं हे ओपनिंग, पण आवड बाजूला ठेवून सांगा. पाचव्या राउंडला परत काळे मिळण्याची शक्यता आहे.

प्यादेसाखळी :

आधी डाव पूर्ण टाकल्याबद्दल आभार, लोक नुसतं "हरलो, काय करू" लिहितात आणि चाली देतच नाहीत.

तुमच्या सरांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. जी५ च्या घोड्याला आधार लागतो हे खरंच आहे. पण आधार उंटाचाच हवा असं कुठे आहे? एफ४ चं प्यादं जी५ वर नजर ठेवतं, उंटाइतकंच. पांढऱ्याने ७. एफ४ केलं त्या क्षणी सरांचा नियम बंद पडला. सर शिकवत होते तेव्हा समोरची मुलं बहुधा एफ४ करायची नाहीत, घोडा एफ३ ला आणून कॅसलिंग करायची, तिथे नियम चालत होता म्हणून तुमच्या मनात पक्का बसला.

आता ९... एफ६ का. फ्रेंचमध्ये पांढऱ्याची ताकद म्हणजे डी४-ई५ ही प्याद्यांची साखळी. ई५ चं प्यादं एफ६ चं घर दाबून धरतं, आणि एफ६ म्हणजे काळ्या घोड्याची हक्काची जागा, तिथून तो एच७ राखतो. पाचव्या चालीला पांढऱ्याने ई५ करून घोडा हाकलला तेव्हाच तुमचा राखणदार गेला. म्हणून काळ्याने सी५ ने साखळीच्या बुडावर मारायचं आणि एफ६ ने डोक्यावर. तुम्ही सी५ केलंत, एफ६ राहिलं. एफ६ केल्यावर दोन गोष्टी होतात. एफ६ वर प्यादं आलं की जी५ वर तेही लक्ष ठेवतं, म्हणजे १०. उं×एच७+ रा×एच७ ११. घो-जी५+ ला सरळ एफ×जी५, पांढऱ्याला उंट आणि घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळतात, बस. आणि पांढऱ्याने १०. ई×एफ६ केलं तर व×एफ६, आता वजीर एफ४ वर टपलेला, मागे एफ८ चा हत्ती, एफ फाईल उघडी. पांढऱ्याला ११. जी३ करून एफ४ सांभाळावं लागतं, तुम्ही ११... घो-सी६, मग डी४ वर प्रेशर. हा खेळण्यासारखा डाव आहे. किंमत मोजावी लागते, ई६ चं प्यादं मागे एकटं पडतं आणि ई५ चं घर पांढऱ्या घोड्याला मिळू शकतं, पण राजा शाबूत.

आता वाचवण्याबद्दल. १०... रा-एच८ म्हणून बळी नाकारला तर प्यादं गेलेलंच आहे आणि एच फाईल उघडी, नको. ११... रा-जी६ म्हणाल तर १२. व-डी३ शह, उंट गेल्यामुळे तो कर्ण मोकळा झालाय, एफ५ ने अडवलं तर एन पासाँ (दोन घरं उडी मारून आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने वाटेतच खाणं), त्यात परत शह आणि ई७ च्या वजिरावर मारा, राजा पटाच्या मधोमध. तेही नको. ११... रा-जी८ १२. व-एच५ नंतर एच७ ची मात थांबत नाही, हत्ती ई८ किंवा डी८ वर सरकवला तरी व-एच७+, रा-एफ८, व-एच८ मात.

पण एक गोष्ट मला वाटतं तुमच्या नजरेतून निसटली, आणि ती पुढच्या वेळी कामाला येईल. वजीर द्यायचाच होता तर एक चाल आधी द्यायचा. ११... व×जी५ लगेच. तिथे पांढऱ्याचा वजीर अजून डी१ वर आहे, त्याला १२. एफ×जी५ शिवाय पर्याय नाही. म्हणजे एफ४ चं प्यादं जी५ ला गेलं आणि ई५ चा टेकू निघाला. मग १२... सी×डी४, सी३ च्या घोड्यावर मारा आणि ई५ वर तुमचे दोन घोडे, सी६ चा आणि डी७ चा. राजाला शह वगैरे बसतील, पण ई५ पडतं आणि मधली प्यादी तुमची होतात. उंट, घोडा आणि मधली प्यादी विरुद्ध वजीर, पांढरा जिंकायला हवा पण त्याला काम करावं लागतं. तुम्ही आधी राजा जी८ ला नेलात, वजीर एच५ वर येऊ दिलात, मग त्याने वजिराने वजीर खाल्ला आणि एफ४ चं प्यादं जागेवरच राहिलं. त्या एका प्याद्यामुळे ई५ टिकलं आणि तुमचे मोहरे शेवटपर्यंत घुसमटले. चाली बघा, सगळा डाव एफ४ भोवती फिरलाय.

कोणी म्हणेल ९... सी×डी४ आधी करून बघू, तर तिथेही उं×एच७+ येतोच, रा×एच७, घो-जी५+, व×जी५, एफ×जी५, डी×सी३. वजिराच्या बदल्यात तीन मोहरे, हिशोब जुळतो, पण पांढरा वजीर एच५ ला शह देऊन येतो, पाठोपाठ जी६ ची धमकी. कॉम्प्युटरचं इंजिन काहीही म्हणो, घड्याळ चालू असताना मी ते खेळणार नाही.

निगडीचा_घोडा :

मी त्या सोड म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण सांगतो. फ्रेंचमध्ये पहिल्याच चालीला ई६ करून तुम्ही सी८ च्या उंटाच्या तोंडावर दार लावता. कारो-कानमध्ये तेच डी५ मिळतं पण सी६ च्या आधाराने, १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ डी×ई४ ४. घो×ई४ उं-एफ५, उंट चौथ्या चालीला बाहेर. मी स्वतः चार वर्षं फ्रेंच खेळलो, ऑफिसवरून आल्यावर रात्री लाईनी पाठ करायचो, फ्रेंचचे सगळे फाटे, क्लासिकल वेगळं, मॅककचन वेगळं, एक्स्चेंज वेगळं, अॅडव्हान्स वेगळं, आणि टूर्नामेंटमध्ये समोरच्याने भलतंच काही केलं की अर्धा तास डोकं धरून बसायचं. कारो-कानला बदललं आणि निदान १५व्या चालीपर्यंत जिवंत असतो. तुमच्याकडे वेळ कमी आहे, घर आहे, नोकरी आहे, म्हणून म्हणतो.

सदाशिवपेठ_वजीर :

निगडीच्या दादांचं मत पटलं नाही. सी८ चा उंट वाईट हे सगळेच म्हणतात आणि म्हणून काळ्याचे खेळाडू त्याला हातच लावत नाहीत, ३८ चाली तो तिथेच बसून राहतो. कोथरूडकर, तुमच्या डावात तो हलला का हो? मी पैज लावते नसणार हलला.

मी १७०० च्या आसपास आहे, दहा वर्षं क्लासिकल खेळते आणि या एका उंटावर जेवढा विचार केलाय तेवढा बाकी कशावर नसेल. त्याला तीन रस्ते आहेत. पहिला, बी६ आणि उं-ए६, तिथे पांढऱ्याच्या डी३ च्या उंटाशी बदलायचा, मग एच७ चा प्रश्नही सुटतो कारण बळी द्यायला उंटच उरत नाही. पण याला वेळ लागतो आणि ए६ वर कोणीतरी राखणारं हवं. दुसरा, ए६, बी५, उं-बी७, हा रस्ता बंद आणि राजाच्या बाजूपासून लांब, पण डी५ मधून पुढे कधीतरी रस्ता फुटला तर जबरदस्त. तिसरा मला सगळ्यात आवडतो, उं-डी७, उं-ई८, मग जी६ किंवा एच५. हा एफ६ झाल्यावरच शक्य होतो कारण एफ७ चं घर मोकळं व्हावं लागतं. बघा, म्हणजे एफ६ ही नुसती राजाची चाल नाही, ती उंटाची पण चाल आहे. एफ३ चा पांढरा घोडा हा त्यांच्या हल्ल्याचा मुख्य माणूस, तोच ई५ आणि जी५ ला उडी मारतो, आणि एच५ वरून आपला "वाईट" उंट त्याच्याच मानगुटीवर बसतो.

माझा एक डाव सांगते. टिळक रोडला एका छोट्या क्लबमध्ये आम्ही दर गुरुवारी खेळतो, तिथे एक रिटायर्ड इंजिनियर काका आहेत, ते पांढऱ्याने कायम हीच लाईन खेळतात. पहिले सहा महिने मी त्यांच्याकडून एकाच पद्धतीने हरले, एंडगेमला माझ्याकडे सी८-डी७ मध्ये फिरणारा उंट, माझी प्यादी ई६, डी५, बी५ सगळी पांढऱ्या घरात, आणि त्यांच्याकडे डी४ वर ठाण मांडलेला घोडा. माझा उंट स्वतःच्याच प्याद्यांवर डोकं आपटत बसायचा. मग मी ठरवलं की वजिरांची बदलाबदल होण्याआधी उंट बाहेर नाही आला तर बदलाबदल करायचीच नाही. एवढा एक नियम. त्यानंतर निकाल बदलले.

आणि ज्यांना ९व्या चालीला एफ६ ची भीती वाटते त्यांच्यासाठी, ७... ए६ पण आहे. कॅसलिंग थांबवायचं. राजा ई८ वरच असताना उं×एच७ केलं तर हत्ती उंट खातो, विषय संपला. ए६ ने बी५ चं घरही राखलं जातं, घोडा तिथे येऊन डी६ ला उडी मारत नाही. मग सी५, घो-सी६, आणि पांढरा कुठल्या बाजूला कॅसल करतो ते बघून आपण ठरवायचं.

आईचा_स्कोअरशीट :

मी बुद्धिबळ फार खेळत नाही, माझी मुलगी ९ वर्षांची आहे ती खेळते, मी सगळ्या टूर्नामेंटला बाहेर सतरंजीवर बसलेली असते. एकच सांगायचं होतं, रेटिंगचं वाईट वाटून घेऊ नका. १८ च्या आतल्या मुलांचा के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो आणि तुमचा २०, म्हणजे त्याच डावात तुमचे बाराच्या आसपास गेले आणि त्याला चोवीसच्या आसपास मिळाले. मुलं इतकी भराभर वर जातात की १४८० दिसतंय ते बऱ्याचदा सहा महिन्यांपूर्वीचं असतं. माझी मुलगी रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास फक्त बळीची कोडी सोडवते, एच७ ची तर तिला पाठ आहेत, उंट डी३ वर आला की ती आपोआप एच७ कडे बघते. आणि ते हात मांड्यांखाली, ते कोच शिकवतात, घाईने मोहऱ्याला हात लागू नये म्हणून. तुमच्या पोस्टमध्ये ते वाचून फार बरं वाटलं, की समोरच्या मुलाबद्दल कोणी इतकं चांगलं लिहिलं. बऱ्याचदा मोठी माणसं हरल्यावर मुलांशी हात सुद्धा मिळवत नाहीत.

जुना_पट :

वय ७१, त्यामुळे थोडा इतिहास सहन करा.

फ्रेंच हे नाव १८३४ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस विरुद्ध लंडन या पत्राने खेळलेल्या सामन्यावरून पडलं, पॅरिसवाल्यांनी ई४ ला ई६ ने उत्तर दिलं आणि डाव जिंकले. पत्रावर एकेक चाल, विचार करायला भरपूर वेळ, आणि तेव्हापासून हे ओपनिंग विचार करणाऱ्यांचं आहे असं माझं मत. बोट्विनिक, कोर्चनॉय, पूर्व जर्मनीचा उलमान, ही माणसं वर्षानुवर्षं फ्रेंच खेळली. १९७४ मध्ये कँडिडेट्सच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) फायनलला कोर्चनॉयने कार्पोव्हविरुद्ध परत परत फ्रेंच खेळलं, कार्पोव्ह ३. घो-डी२ करायचा, आणि त्यातला एकही डाव कोर्चनॉय हरला नाही. तो सामना हरला ते दुसऱ्या ओपनिंगांमध्ये.

कोथरूडकर, तुम्ही ६. उं×ई७ बघितलंत, पण याच पोझिशनमध्ये कोणीतरी तुमच्यावर ६. एच४ खेळणार आहे, त्याची तयारी करून ठेवा. अलेखाईन विरुद्ध फार्नी, मानहाइम १९१४. पांढरा सरळ प्यादं देतो, ६. एच४ उं×जी५ ७. एच×जी५ व×जी५, आणि लगेच ८. घो-एच३ व-ई७ ९. घो-एफ४. एच फाईल उघडी, काळ्याचा वजीर पळतोय, राजाला कॅसलिंगची सोय उरली नाही, १३व्या चालीला फार्नीने राजा डी८ वर नेला, १४व्या चालीला पांढरा हत्ती एच६ वर आला. २२व्या चालीला पांढरा घोडा ई८ वर, काळ्या राजाला अगदी खेटून, आणि २३व्या चालीला डाव संपला. मी हा डाव पहिल्यांदा लावून बघितला तेव्हा अकरावीत होतो, शनिवारवाड्याजवळच्या एका मित्राच्या माडीवर, आणि घोडा ई८ ला गेला तेव्हा आम्ही दोघंही उठून उभे राहिलो होतो. ती स्पर्धा पुरी झालीच नाही, मध्येच पहिलं महायुद्ध सुरू झालं, अलेखाईन त्यावेळी पहिल्या नंबरवर होता. तर ६. एच४ आलं की प्यादं खायला धावू नका. ६... सी५ किंवा ६... ए६ बघा.

आणि "फ्रेंच जुनं झालं" म्हणणाऱ्यांना, २५ नोव्हेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या सामन्याचा पहिला डाव. आपला गुकेश पांढऱ्याने ई४ खेळला, डिंग लिरेनने ई६. ३. घो-सी३ घो-एफ६ ४. ई५ घो(एफ)-डी७ ५. एफ४. तुमच्याच घरातली दुसरी खोली आहे ती, उंट जी५ वर न नेता थेट ई५, स्टाइनिट्झची लाईन. डिंगने काळ्याने ४२ चालींत जिंकला. माझा जीव गुकेशकडे होता, त्या रात्री झोप लागली नाही, पण फ्रेंच खेळणारा माणूस म्हणून काळ्याची ती प्यादी पुढे सरकताना बघून आतून छान पण वाटत होतं. पुढे तेराव्या डावात डिंगने परत फ्रेंच काढलं, तो बरोबरीत सुटला, आणि सामना शेवटी गुकेशने साडेसात-साडेसहाने जिंकला. तेव्हाचा जगज्जेता डिंग दोन वेळा ज्यावर विसंबला ते १५६२ ला चालणार नाही असं मी मानत नाही.

निगडीचा_घोडा :

जुना पट काका, मान्य आहे, पण डिंगकडे टीम होती तयारी करायला. तरी सदाशिव पेठेतल्या ताईंचं ते वजीर बदलण्याआधी उंट बाहेर काढायचं मी माझ्या जुन्या डावांवर लावून बघितलं काल रात्री. फ्रेंचमध्ये मी हरलेले जे डाव लिचेस या साईटवर साठवलेत त्यातले बरेच एंडगेमला गेलेत आणि उंट सी८ नाहीतर डी७ वरच आहे. हे आधी कोणी सांगितलं असतं तर कदाचित सोडलं नसतं. एवढंच.

प्यादेसाखळी :

@कोथरूड_काळीबाजू, पाचव्या राउंडआधी फक्त दोन पोझिशन लावून बसा, बाकी काही वाचू नका. ८... सी५ नंतर ९. उं-डी३ आणि ८... सी५ नंतर ९. व-डी२. पहिलीला एफ६ लगेच. दुसरीला घो-सी६, कारण उंट अजून एफ१ वर आहे, एच७ ला धोका नाही, मग १०. डी×सी५ आलं की १०... एफ६ करून बघा, ११. ई×एफ६ व×एफ६ १२. जी३ घो×सी५. मुलगा म्हणाला ना "तुम्ही एफ६ कराल असं वाटलेलं", ते वाक्य लिहून ठेवा. उंट डी३ वर की एफ१ वर, यावर तुम्हाला किती वेळ आहे ते ठरतं.

कोथरूड_काळीबाजू :

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उत्तर द्यायला उशीर झाला. ताई, बरोबर ओळखलंत, उंट ३१व्या चालीपर्यंत सी८ वरच होता आणि हलला तो डी७ वर.

११... व×जी५ ची गोष्ट मला खरंच दिसली नव्हती. २४ मिनिटं मी वजीर वाचवायचाच विचार करत होतो. काल घरी पट लावून दोन्ही लाईनी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, एकात एफ४ वर प्यादं, एकात नाही, आणि तेवढ्याने माझे दोन्ही घोडे एकात मेलेले आणि एकात जिवंत. बायको म्हणाली दोन पट कशाला काढलेत, तिलाही दाखवलं, तिला चाली येत नाहीत पण ती म्हणाली या पटावर काळ्यांना जागा जास्त आहे. अगदी तेच.

रविवारी सकाळी पाचवा राउंड झाला. काळे मिळाले, समोर १६१० रेटिंगचे एक गृहस्थ, आणि परत क्लासिकल! ८... सी५ पर्यंत सेम. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो, एफ१ च्या उंटाला हात लावतात की वजिराला. ९. व-डी२. घो-सी६. १०. डी×सी५ आणि मी एफ६ केलं, हात थोडा थरथरत होता. ११. ई×एफ६ व×एफ६ १२. जी३ घो×सी५ १३. ०-०-० ह-डी८ १४. व-ई३ बी६. मग १५व्या चालीला उं-डी७, १६व्या चालीला उं-ई८, आणि १७व्या चालीला उं-एच५. तो उंट मी एच५ वर ठेवला आणि घड्याळ दाबलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग पंधरा मिनिटं विचार केला. २१व्या चालीला उंटाने एफ३ चा घोडा खाल्ला. ई६ चं प्यादं शेवटपर्यंत लोंबकळत होतं, तिथे मला फार भोगावं लागलं, दोन्ही हत्ती त्याच्याच राखणीला. ४६व्या चालीला बरोबरी.

तो ११ वर्षांचा मुलगा आपला डाव संपवून शेवटची दहा मिनिटं माझ्या बोर्डाजवळ उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, २४व्या चालीला ई५ करता आलं असतं." मी घरी येऊन लावून बघितलं, मला अजून कळलेलं नाही ते चालतं की नाही. संध्याकाळी पूर्ण डाव वेगळ्या धाग्यात टाकतो, प्यादेसाखळी आणि ताई, तुम्ही २४वी चाल नक्की बघा.